तुझ्या आत्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझ्या श्राव्य मालिकेचा पहिला भाग काल रात्री दोनदा ऐकला. एकदा डोळे मिटून, एकदा कागद-पेन घेऊन. फोनवर नुसतं ‘छान झालाय’ म्हणून मोकळं होणं जिवावर आलं, म्हणून हे पत्र.

घर खरं वाटतं, भाषा तर फारच गोड आहे. पण घरात माणसं सात आणि मला ओळखू आली तीनच. स्वयंपाकघरातल्या प्रसंगात धाकटी सून आणि आत्या एकाच पट्टीत, एकाच चालीनं बोलतात. टोमणा कोणी कोणाला मारला हे कळेपर्यंत प्रसंग संपतो. आणि आजी? एक वाक्य बोलून ती चार मिनिटं गप्प आहे. नाटकात कोपऱ्यात बसलेली गप्प आजी प्रेक्षकांना दिसत तरी असते. इथे गप्प बसलेलं माणूस खोलीतून उठून गेल्यासारखंच. तिच्या हाती अडकित्ता दे. सुपारी कातरल्याचा आवाज मधूनमधून येऊ दे आणि भांडण ऐन रंगात आलं की तो थांबू दे. मग तिला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

ऐकताना सारखं ‘पुन्हा प्रपंच’ आठवत होतं. आकाशवाणी मुंबईची ती मालिका, आणि त्यातली ती तीन माणसं: प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. आमच्याकडे आई रेडिओशेजारी तांदूळ निवडत बसायची. भावजींचा आवाज आला की ताटात फिरणारी तिची बोटं थांबायची. तेव्हा मला ती फक्त गंमत वाटायची. आता कळतं, पंत-मीनावहिनींसारखे नवरा-बायको दोघंच असले की निम्म्या गोष्टी न बोलताच समजतात. त्यांच्यासाठी ते सुख आहे, पण ऐकणाऱ्याला काय कळणार? तिसरं माणूस दारातून आत आलं की सगळं बोलून दाखवावं लागतं, बाजू घ्याव्या लागतात, तक्रारी बाहेर येतात. शिवाय ‘वहिनी’, ‘भावजी’ एवढ्या हाकेतच नातं, मान आणि सलगी तिन्ही पोचतात. तुझी माणसं एकमेकांना सारखी नावानं हाक मारतात, तिथे ही नाती घाल. आपल्या भाषेनं हे फुकट दिलंय रे!

बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ची घडणही मला फार आवडते. 1951 पासून देशभर ऐकू येऊ लागलेली ती मालिका आजही चालू आहे. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचवायची होती. त्यासाठी ॲम्ब्रिज नावाचं काल्पनिक गाव रचलं आणि त्यात तीन शेतकरी ठेवले. पैसा बेताचा पण कामात चोख असा डॅन आर्चर, पैसा बेताचा आणि कामातही ढिला असा वॉल्टर गॅब्रिएल, आणि तिसरा पैसेवाला फेअरब्रदर. प्रश्न एकच असला तरी तिघांची उत्तरं वेगळी येणार, हे मांडणीतच ठरलेलं. तुझ्या सातजणांना असा एकच प्रश्न विचारून बघ. घर विकायचं का? दोघांचं उत्तर आणि कारण एकच निघालं, तर त्यातला एक कमी कर.

मोठ्या सुनेवर मात्र तू अन्याय केलायस. पहिल्याच भागात तिला खाष्ट ठरवून टाकलंस. ‘द आर्चर्स’मध्ये नॉर्मन पेंटिंग हा नट 1950 च्या चाचणी-भागांपासून 2009 मध्ये वारेपर्यंत डॅनच्या मुलाची, फिल आर्चरची भूमिका करत होता. तो तरुण मुलगा ऐकणाऱ्यांच्या कानांदेखत आजोबा झाला. मालिका लांबवर न्यायची असेल तर माणसाला वाढायला जागा हवी. सुनेच्या तोंडी निदान एक तरी वाक्य असं घाल, की ती एकटी असताना कशी असेल ते कळावं.

आता माझा हट्ट. आत्या हीच तुझी भावजी आहे. ती माहेरी आलेली आहे, म्हणजे घरचीही आणि बाहेरचीही. तिला सगळं विचारायचा हक्क आहे आणि तिच्यापुढे कोणालाच गप्प राहता येणार नाही. तू तिला नुसती चहा ढवळायला बसवलीयस. तिचा आवाज सावकाश, थोडा बसका ठेव. प्रश्न विचारून झाल्यावर ती उत्तराची वाट बघते, मधे बोलत नाही, अशी तिची खोड असू दे. धाकटी सून भरभर बोलणारी आहेच, दोघी आपोआप वेगळ्या होतील.

दुसरा भाग रेकॉर्ड करायच्या आधी स्वयंपाकघराचा प्रसंग पुन्हा लिहून पाठव. सगळ्यांची नावं खोडून पाठव. कोण बोलतंय ते मी ओळखून कळवतो.

तुझाच