‘आज उघडलंय, येऊन जा’ : इंदूरच्या पॉलिशवाल्या काकांना

काका, सा. न.

दारं, देव्हारे आणि झोपाळ्याच्या पाट्या चमकवणाऱ्या माणसाला मासे पकडणाऱ्यांचं पत्र येईल, असं तुम्हाला वाटलं नसेल. पण गेल्या पावसाळी मासेमारीबंदीत तुमच्या हाताखालून गेलेले आमचे लाकडी ल्यूर, म्हणजे माशाला भुलवायचे खोटे मासे, यंदा नर्मदेत दगडांवर आपटले, पढिन माशाच्या दातांत अडकले, रात्र-रात्र ओल्या डब्यात राहिले. तरी एकाचंही लाकूड फुगलेलं नाही. म्हणून हे उघड पत्र, चारचौघांनी वाचावं असं.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांची नावं घेत नाही. एका काउंटरवरून ऑइल इनॅमलचा डबा मिळाला, सोबत ‘वॉटरप्रूफ आहे साहेब, बिनधास्त लावा’ हे आश्वासन फुकट. दुसऱ्याने त्याच इनॅमलवर मारायला एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दिलं. एन.सी.चा थिनर तेलाच्या रंगाला खालून उचलतो आणि अख्ख्या रंगाला सुरकुत्या पडतात, हे त्याला ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. तिसरा म्हणाला, एवढी खटपट कशाला, विकतचा घ्या. ‘लाकूड कोणतं, त्यावर आधी काय लावलंय?’ असं उलट विचारणारे पहिले तुम्ही.

आणि तुम्ही रंगाकडे पाहिलंच नाहीत. लाकडी मासा उलटा धरलात, पोटातलं शिशाच्या वजनाचं भोक पाहिलंत, मग लिपची, म्हणजे तोंडापुढच्या पारदर्शक पट्टीची खाच, मग नाक आणि शेपूट. ‘पाणी इथून शिरतं, पाठीतून नाही,’ म्हणालात. लाकडाच्या नळ्या लांबीने धावतात आणि टोकाला कापल्या जातात. तिथे त्यांची तोंडं उघडी असतात, म्हणून टोकं पाठीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितात. पाणी प्यायलेलं लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. ल्यूरच्या कुशीवर रंगाला तडा नेहमी लांबट का जातो, त्याचं कोडं तिथेच सुटलं. इतकी वर्षं सगळे चमक वाढवत बसले होते आणि पाणी मात्र हुकाच्या स्क्रूशेजारून निवांत आत जात होतं.

तेव्हापासून आमच्यातला प्रत्येक जण तुमचा क्रम पाळतो. भोकं आधी, लाकडाची तोंडं बुजवणारा सीलर नंतर. लिपची खाच, शिशाचं भोक, स्क्रू-आयची (हुक अडकवायच्या कडीवाल्या स्क्रूची) बारीक भोकं, सगळं कोऱ्या लाकडात पाडून घ्यायचं. शिसं बसवून वर लाकडाचा भुसा मिसळलेली इपॉक्सी राळ, म्हणजे दोन भागांची अ‍ॅराल्डाइट भरायची. मग एन.सी. सँडिंग सीलर आणि त्याचाच थिनर निम्मे-निम्मे करून ल्यूर त्यात बुडवून ठेवायचा. बुडबुडे येत असतील तोवर लाकडातली हवा बाहेर पडते आहे, घाई नको. बुडबुडे थांबले की काढून नाक खाली करून टांगायचा, पुढच्या हाताला शेपूट खाली, म्हणजे थेंब दोन्ही वेळा एकाच टोकाला साचत नाही. रात्रभर वाळवून ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासायचं आणि दुसरा हात. शिवणीच्या लाकडाला एवढं पुरतं. सागवान जड आणि तेलकट असल्याने ते आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं लागतं, नाहीतर सीलर धरत नाही.

वाळलं की नाही हे ठरवायची तुमची पद्धत तर भन्नाट. घड्याळ नाही, नाक. ल्यूर नाकाला लावायचा. थिनरचा वास येतोय तोवर पुढचा हात नाही. आत कोंडलेला थिनर पुढे इपॉक्सीखाली फुगे काढतो, म्हणून ही परीक्षा कुणीच टाळू नये.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र आहे ती. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. म्हणजे हौशी माणसाला ल्यूर करायला वेळ मिळतो तो नेमका भर पावसात, आणि पॉलिशला त्याच्याइतका वाईट काळ नाही. एन.सी.चा थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर उतरतं आणि पॉलिश दुधाळ होतं. इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे तिला कडक करणारा भाग, हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरून वर मेणचट साय आणतो. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. तयार ल्यूर घेऊन, पैसे खिशात घेऊन आमच्यातला एक माणूस तुमच्या दुकानात उभा होता. मल्हारगंजात पाऊस झोडपत होता. तुम्ही डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाहीत. ‘आज नको हो, हवेत ओल आहे. नंबर ठेवून जा.’

असे नंबर लोक ठेवून घेतात आणि विसरतात. तुम्ही विसरला नाहीत. एका सकाळी तुमचाच फोन आला : ‘आज उघडलंय, येऊन जा. अकरा ते चार, नंतर परत ओल चढेल.’ एवढंच बोललात आणि ठेवलात. त्या कामाचे तुम्हाला किती मिळणार होते, तर एका स्टुलाच्या पॉलिशइतकेही नाही.

त्या फोनने आमचा अर्धा अभ्यासक्रम पूर्ण केला. आता पावसाळ्यात इपॉक्सीसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॉटचा साधा बल्ब लावतो. हवा तापली की तिच्यातला दमटपणा उतरतो. लाकूड कोमट झालं की बाहेर काढून, ते गार होत असतानाच इपॉक्सी लावायची, म्हणजे आतली हवा आकसते आणि राळ आत ओढून घेते. उलट केलं, थंड लाकडावर लावून मग गरम केलं, तर हवा फुगून बाहेर येते आणि थर फोडांनी भरतो. एन.सी.चा ओला ल्यूर मात्र त्या खोक्यात कधीच ठेवू नये, वाफा पेट घेतील.

रंगाबद्दल थोडक्यात. पांढरं अस्तर पातळ, त्यावर पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग, खवल्यांसाठी ओढणीची जाळी अंगावर ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची आणि वरून गडद रंग फवारायचा. मार्करने काढलेल्या रेषा वरच्या थरात पसरतात, ब्रशनेच काढा. लिप पॉलिकार्बोनेटची असो की अ‍ॅक्रिलिकची, सीलर आणि रंगाचं काम संपल्यावरच बसवावी, थिनरने दोन्ही खराब होतात.

वरच्या थराला आमची पसंती इपॉक्सीला. अ‍ॅराल्डाइट स्टँडर्डचे दोन्ही भाग आकारमानाने समान, वजनाने १०० ला ८०. हे न पाहता तराजूवर सारखं सारखं घेतलं की थर हवा तसा कडक होत नाही. वाटीच्या कडा खरवडत तीन मिनिटं मिसळायचं. पातळ करायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब, जास्त नाही. लावण्याआधी ल्यूर त्याच अल्कोहोलने पुसून पुन्हा बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथे राळ मागे सरकते आणि गोल डोळे पडतात. मग फिरवत ठेवायचं. त्यासाठी कूलरची स्विंग मोटर उत्तम, मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि राळ एका बाजूला ओघळत नाही. शेवटी स्क्रू-आय राळेत बुडवूनच आत फिरवायचे. आठवडाभर पाणी दाखवायचं नाही. मग सोनाराच्या काट्यावर वजन करून रात्रभर बुडवायचा आणि पुसून पुन्हा वजन. काटा वर गेला तर कुठेतरी तोंड उघडं आहे.

ज्यांना इपॉक्सीऐवजी पी.यू. (पॉलियुरेथेन) पॉलिश हवं त्यांच्यासाठी तुम्ही दोन छोट्या बाटल्यांत थिनर ओतून दिलंत, एकीच्या गळ्याला लाल दोरा. ‘लाल ती एन.सी., पी.यू.त चुकूनही नको.’ एन.सी. थिनरमधलं अल्कोहोल पी.यू.चा हार्डनर खाऊन टाकतं आणि पॉलिश कडक होतच नाही, हे दुकानात विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या दोऱ्याने किती जणांचं काम वाचलं असेल. आमच्या गटात आता सगळ्यांच्या बाटल्यांना लाल दोरे आहेत.

इंदूरला गोड बोलणाऱ्यांची कमी नाही. गिऱ्हाईकाला ‘आज नको’ म्हणणारे मात्र थोडे, आणि नंतर आठवणीने बोलावणारे त्याहून थोडे. तुमच्या दुकानावर पाटी मोठी नाही, भिंतीवर प्रमाणपत्र नाही. चांगुलपणाला तेवढ्याची गरज पडत नसावी. ज्यांच्याकडे पाटी मोठी होती त्यांच्याकडून डबे मिळाले, इतकंच.

एक तक्रार आमची आमच्यातल्याच लोकांबद्दल. एवढं करून काही जण हे ल्यूर मऊ रबरी किड्यांच्या डब्यात टाकतात. रबरातलं तेल रंग आणि पॉलिश दोन्ही वितळवतं. तुमची मेहनत अशी चिकट होऊन जाते तेव्हा वाईट वाटतं. त्यांना हे पत्र दाखवणार आहोत.

येत्या बंदीत शिवणीऐवजी सावरीचं लाकूड आणतोय. हलकं आहे, पाण्यावर चपळ नाचेल, पण सीलर ढसाढसा पिईल असं दिसतं. दोन हातांत भागेल की चार लागतील, आणि पहिला हात अजून पातळ करावा का, हे विचारायला येऊ. तुम्ही म्हणाल त्या दिवशी.

आपले,
नर्मदाकाठी गळ टाकणारे इंदूरकर