उगवतीनंतरचा अर्धा तास

दांडिया बाजार, बडोदे
होळीनंतरचा रविवार

प्रिय बंडू,

तुझं पत्र मिळालं. "वाळूचे कसले फोटो काढतोस, सगळी वाळू सारखीच" हे वाक्य तू मुद्दाम मला डिवचायला लिहिलंस, हे कळतंय. तरी डिवचला गेलोच. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी, सेवउसळीचं बोलावणं नाकारून, तुला लिहायला बसलोय. वाचायला चहा घेऊन बस.

दुपारी सारखी दिसते, हे मान्य. बाराच्या उन्हात थरच्या वाळवंटात उभं राहिलास तर समोर चढ आहे की सपाटी, तेसुद्धा कळणार नाही. रंग एक, उजेड थेट डोक्यावर, डोळ्याला धरायला काही नाही. टेकडीचा आकार आपल्याला दाखवते ती सावली. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर असताना एक मीटर उंचीच्या वस्तूची सावली जवळजवळ साडेअकरा मीटर पडते. तोच ३० अंशांवर चढला की पावणेदोन मीटर. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या लहरीलाही सकाळी वीतभर सावली मिळते. मी तिथे काढतो ते फोटो या सावल्यांचे, वाळू फक्त त्यांना धरून ठेवते.

पण "पहाटे जावं" एवढंच सांगून कुणी थांबलं तर त्याचं ऐकू नकोस. पहाटे तर सगळेच जातात. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे उगवतीला एवढी माणसं जमतात की कड्यावर उभं राहायला जागा शोधावी लागते. सूर्य वर आला, दोन सेल्फी झाले, की सगळे तंबूत नाश्त्याला परत. आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते. का, ते सांगतो.

थरमधल्या या टेकड्या, तिकडे त्यांना धोरे म्हणतात, प्रामुख्याने उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याने रचलेल्या. वारा ज्या अंगाने चढतो ते अंग ऐसपैस, दहा-पंधरा अंशांच्या उताराचं. माथ्यावर पोचलेली वाळू पलीकडे, ईशान्येच्या अंगाला सांडते आणि ३३-३४ अंशांवर थांबते. त्याहून उभी कोरडी वाळू राहतच नाही, घसरते. आता सूर्य येतो पूर्वेकडून. त्यामुळे पहिलं ऊन पडतं ते उभ्या अंगावर. ती तांबूस भिंत डोळ्याला सुखावते, सगळे कॅमेरे तिकडेच वळतात. पण ऊन तिच्यावर बरंचसं समोरून येतं, म्हणून फोटोत ती सपाट दिसते. ऐसपैस अंग त्या वेळी अजून सावलीत असतं. सूर्य सात-आठ अंश वर यायला अर्धा तास तरी लागतो. तेव्हा ऊन माथा ओलांडतं आणि त्या लांब उतारावरून घासत खाली येतं. आधी फक्त लहरींचे माथे उजळतात, मधल्या खाचा निळ्याच. मग उजेड खाचांत उतरू लागतो. हे सगळं मिळून पाऊण तास टिकत असेल. त्यानंतर वाळू पांढरी पडायला लागते आणि मी कॅमेरा पिशवीत टाकतो.

खाचा निळ्या म्हटलं ते अलंकार म्हणून नाही. उन्हातली वाळू सूर्यामुळे उजळते, सावलीतली वाळू आकाशामुळे. आकाश निळं, म्हणून सावली निळी. आपला डोळा ती दुरुस्त करून घेतो, कॅमेरा घेत नाही. पण त्यासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंग जुळवणं, 'डेलाइट'वर ठेवावा लागतो. 'ऑटो'वर ठेवला की यंत्र सगळं समजूतदारपणे मधल्या रंगावर आणून ठेवतं. आणि मोबाइलचं तर विचारूच नकोस. सावली दिसली की ती उजळायचीच, असं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलंय. ज्या काळोखासाठी एवढ्या लांब जायचं, तोच तो पुसून टाकतो. मी कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते उजळ कडेवरून ठरवतो आणि सावल्यांना खुशाल बुडू देतो.

तुला फाइन आर्ट्स कॉलेजातली डार्करूम आठवते? लाल फिल्टर लावून आपण कमाटी बागेवरचं आकाश काळंभोर करायचो. तीच युक्ती वाळूला लागू पडते. सावली निळी, वाळू तांबडट, म्हणून कृष्णधवल करताना निळा खाली ओढला की सावल्या शाईसारख्या होतात आणि वाळू उजळच राहते. सोबत पाठवलेल्या प्रिंट्समधल्या निम्म्या अशाच केल्यात. मला त्याच जास्त आवडतात. रंगीत वाळवंट लवकर गोड होतं, कॅलेंडरातलं वाटायला लागतं.

मी समला न राहता खुडी गावात राहतो. गर्दी कमी, आणि उंटवाल्यांशी निवांत बोलता येतं. जानेवारीत थंडीमुळे हवा सुंदर असते, पण वारा मंद. आदल्या संध्याकाळच्या पावलांचे ठसे सकाळी जसेच्या तसे सापडतात. फाल्गुनात दुपारनंतर वारा उठायला लागतो आणि टेकडी रात्रीतून बरीच स्वच्छ होते. म्हणून मला हा महिना पसंत. पौर्णिमेच्या आसपास गेलं तर आणखी एक लाभ : पूर्वेला उजाडत असताना चंद्र पश्चिमेला मावळतीला असतो आणि अंधारात वाट चालायला बॅटरी लागत नाही.

या लहरी कशा होतात याचा नाद लष्करातल्या एका इंग्रज अभियंत्याला लागला होता, राल्फ बॅग्नोल्ड त्याचं नाव. इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडला, मग घरी जाऊन वाऱ्याचा बोगदा बांधून त्यात वाळू उडवून पाहिली. वाळू बहुतेक उड्या मारत पुढे जाते. उडालेला कण खाली आपटतो आणि दुसऱ्यांना ढकलतो किंवा उडवतो. जाड कण लहरीच्या माथ्यावर साठतात. हे वाचल्यापासून मी पोटावर झोपून जवळचे फोटो काढायला लागलो. माथ्याचा आणि खाचेचा पोत वेगळा असतो, आणि तो तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतो.

जवळ वाकलं की रात्रीची वर्दळही कळते. किड्यांच्या पायांची बारीक शिवण, उंदरांच्या उड्या, कधी कोल्ह्याची सरळ रेघ. आणि एकमेकींपासून सुट्या, तिरक्या रेघांची ओळ दिसली तर सांभाळून, ते फुरसं. कोकणात ज्याला आपण भितो त्याचाच हा तिकडचा भाऊबंद, वाळूवर आडवं सरपटत जातो. बूट घालूनच हिंडायचं. अनवाणी चालण्याचा काव्यात्म मोह ज्यांना होतो त्यांना तो होऊ द्यावा.

ठशांवरून एक महत्त्वाचं. जागा आदल्या संध्याकाळी ठरवायची आणि जायची वाटही. सकाळी तुझं एक पाऊल चुकीच्या उतारावर पडलं की ते त्या दिवसापुरतं पक्कं. मी बगलेने लांबून जातो, अर्धा किलोमीटर जास्त चालणं झालं तरी चालतं. आणि एकदा उभा राहिलो की हलत नाही. या टेकडीवरून त्या टेकडीवर पळणारे लोक मला कळत नाहीत. उजेडच फिरतो, आपण कशाला फिरायचं?

वाळू कॅमेऱ्यात जाते, हा तुझा आक्षेप रास्त आहे. उघड्यावर लेन्स बदलायची नाही, एकच झूम लावून जायचं, वर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. काचेवर कण बसले तर फुंकणीने उडवायचे, कापडाने पुसायचे नाहीत. ही वाळू मुख्यतः गारगोटीची, काचेहून कठीण. चरे पडतात.

आणखी एक, सगळं थर म्हणजे वाळूचा समुद्र नाही बरं. बराचसा भाग खडकाळ माळ, सेवण गवत, फोगाची झुडपं, आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपल्याकडे दसऱ्याला पुजतात ती शमी. माळढोकही तिकडेच, वाळवंट राष्ट्रीय उद्यानात, मोजकेच उरलेत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याची आठवण येते.

तर पुढच्या फाल्गुनात ये. पुण्याहून बडोद्याला, इथे एक रात्र मुक्काम, मग अहमदाबादवरून जोधपूर आणि पुढे जीप. सूर्य तिथे त्या सुमारास सातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेपाचला उठलास तरी पुरेल. तेवढं तुला जमेल असं वहिनी म्हणाल्या, मी काही म्हणत नाही. तुझ्याकडचा वडिलांचा लाकडी ट्रायपॉड अजून असेल तर तो नक्की आण. माझ्या अॅल्युमिनियमच्याच्या सांध्यांत वाळू जाऊन तो आता उघडताना किरकिर करतो. तारीख कळव, तिकिटं मी काढतो.

तुझा,
अण्णा