बागेतला योगवर्ग आणि मणक्याची दुखणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एका आसनाचे छायाचित्र, कृती आणि फायदे छापून येतात. परवा पश्चिमोत्तानासन होते, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचे आसन. ‘पाठीचा कणा लवचीक होतो’ हे ठळक अक्षरांत होते. दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकलेल्यांनी ते करू नये, हे मात्र कुठेच नव्हते. मी नागपुरात बागेतला सकाळचा योगवर्ग घेते. अशी कात्रणे घेऊन माणसे माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

या शहराला योगवर्ग नवे नाहीत. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य वर्गांची परंपरा इथे कित्येक दशकांपासून जपली आहे. दर २१ जूननंतर आमच्या वर्गात नवे चेहरे दिसू लागतात. त्यातले बरेच जण साठीच्या पुढचे असतात आणि ‘योगा सुरू करा’ असे डॉक्टरांनीच सांगितलेले असते. कोणती आसने करायची, हे मात्र चिठ्ठीवर नसते. एमआरआयचा रिपोर्ट घरी कपाटात पडलेला. विचारले की उत्तर येते, “मॅडम, मणक्यात गॅप आहे.” एवढ्यावर कोणते आसन द्यायचे ते ठरवता येत नाही.

चकती मागे सरकून नस दबली असेल (कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत हे सर्वाधिक आढळते), तर पुढे वाकण्याने तिच्यावरचा दाब वाढतो. अशांनी पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, हलासन करू नये. दोन्ही पाय एकदम उचलण्याचे उत्तानपादासनही नको. पालथे पडून मकरासन आणि सोसेल तेवढेच भुजंगासन यांनी अनेकांना उतार पडतो. पायात उतरलेली कळ वर कमरेकडे सरकू लागली तर पुढे जावे. खाली पोटरीकडे निघाली तर तिथेच थांबावे. मज्जारज्जूची नळी अरुंद झालेल्यांचे नेमके उलटे. अंबाझरी तलावाला फेरी मारताना ज्या काकांचे पाय जड होतात आणि बाकावर जरा पुढे झुकून बसले की मोकळे होतात, त्यांना भुजंगासन किंवा उष्ट्रासन त्रासाचे ठरते. मणका पुढे घसरलेल्यांनीही मागे वाकणे टाळावे. शेजारशेजारच्या दोन सतरंज्यांवरची माणसे ‘कंबर दुखते’ असेच सांगतात, पण एकाला जे औषध तेच दुसऱ्याला अपाय. मानेचे मणके झिजलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन विसरावे आणि मान गरगर फिरवू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हाडे ठिसूळ झालेल्या बायकांची. त्यांना बहुधा दुखतही नसते, म्हणून त्या सगळे करतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८४ सालचा एक अभ्यास आहे. मणक्याची हाडे विरळ झालेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के जणींचे. गट लहान होते, पण हा फरक नजरेआड करण्यासारखा नाही. आणि आपल्याकडे काय चालते? एका वर्गात मी पाहिले: सत्तरीच्या आजी पादहस्तासनात वाकलेल्या, बोटे गुडघ्याच्या जरा खाली पोचलेली, आणि शिकवणारा तरुण तळहाताने त्यांची पाठ दाबत म्हणतो, “अजून थोडं आजी, येऊन राहिलं, येऊन राहिलं.” आजींनी श्वास कोंडून धरला होता. वाकलेल्या पाठीवर असा हात कोणीही ठेवू नये. शिकवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट नागपूरसाठी विशेष महत्त्वाची आहे. उन्हामुळे आपले वर्ग पहाटे साडेपाचला भरतात. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टरारलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त पडतो. कंबर जुनाट दुखणाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या काही तासांत वाकणे टाळले तर दुखणे कमी होते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. म्हणून उठल्याउठल्या गाडी काढून बागेत यायचे आणि दहाव्या मिनिटाला पायाचे अंगठे धरायचे, हा क्रम बदलला पाहिजे. आधी चालणे, ताडासन, उभ्याने हात-खांदे मोकळे करणे, प्राणायाम. वाकायचेच असेल तर शेवटी, आणि तेही गुडघे सैल सोडून.

शिक्षकांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावे: मणक्याचे काही निदान झाले आहे का, पायाला मुंग्या येतात का, पडल्यावर हाड मोडले होते का? आयुष मंत्रालयाच्या योगदिनाच्या पुस्तिकेतही मणक्याचे आणि चकतीचे विकार असलेल्यांनी पादहस्तासन टाळावे असे लिहिले आहे. मैदानावर माईकवरून आकडे मोजताना ती ओळ कोणी वाचून दाखवत नाही. ती वाचावी. मागच्या रांगेत चार खुर्च्या ठेवाव्यात आणि तिथे बसणाऱ्याला कमीपणा वाटू देऊ नये. शवासनातून उठताना सरळ उठून बसवू नये, कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन उठवावे. लघवीवरचा ताबा सुटणे, बसायची जागा बधिर होणे किंवा पाऊल उचलता न येणे यांपैकी काही झाले, तर वर्गात यायचे नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे, हेही सर्वांना सांगून ठेवावे.

आपल्याला विनंती एवढीच की, पुढच्या आठवड्यापासून आसनाच्या फायद्यांखाली ‘हे कोणी करू नये’ अशी चौकट द्यावी, आणि तिची अक्षरे फायद्यांएवढीच मोठी असावीत.

आपली,
एक योगशिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर