हँडसेटचे पैसे फिटले तरी बिल तेवढंच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाईलच्या करारांबद्दल थोडं सविस्तर लिहितेय, शक्य झालं तर पूर्ण छापा. फोन हप्त्यावर मिळतो आणि त्याच बिलात कॉल-डेटाचा प्लॅनही असतो, त्या करारांबद्दल बोलतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की हँडसेटचे पैसे फिटले की बिल आपोआप उतरलं पाहिजे, आणि कंपनी ते उतरवत नसेल तर ग्राहकाने सरळ दुसरीकडे जावं, कारण आता जाणं खरंच अवघड राहिलेलं नाही.

परवा आमच्या वहिनींचं बिल वाचायला घेतलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एकूण रक्कम आणि शेवटची तारीख, बस. आतल्या पानावर प्लॅनचं मासिक भाडं, त्याखाली फोनच्या विम्याचे पैसे, मग कधीतरी फुकट ट्रायल म्हणून चालू झालेली आणि नंतर पैसे कापायला लागलेली एक सर्व्हिस, आणि हँडसेटची वेगळी ओळ कुठेच नाही. करार २४ महिन्यांचा, तो केव्हाच संपलेला, फोन पूर्ण वहिनींच्या मालकीचा झालेला, तरी बिल पहिल्या महिन्यासारखंच, उलट मधल्या दरवाढीने थोडं चढलेलं. स्वतःच्याच फोनचे हप्ते फिटल्यानंतरही वहिनी ते भरत होत्या, आणि पैसे बँकेतून ऑटो डेबिट होतात म्हणून घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

हे असं होतं कारण अशा करारात फोन आणि सेवा दोन्ही मिळून एकच आकडा ठरवलेला असतो. मुदत संपली की करार बंद होत नाही, तो महिन्या-महिन्याने पुढे सरकत राहतो, त्याच दराने. मग कस्टमर केअरला फोन लावला. बिल कमी करा म्हटलं की ते नवा हँडसेट दाखवतात, आणि त्याबरोबर पुन्हा दोन वर्षांची मुदत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला नवीन फोन नकोय, आहे त्यावरच बिल किती कमी होतंय ते सांगा." दोन-तीन वेळा तेच म्हटल्यावर कॉल दुसऱ्या टेबलावर गेला, आणि तिथे आम्ही नंबर पोर्ट करतोय, म्हणजे तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जातोय, म्हटल्याबरोबर बराच स्वस्त प्लॅन निघाला! मला राग येतो तो याचाच, तो प्लॅन होताच ना, मग जो ग्राहक इतकी वर्षं वेळेवर बिल भरतोय त्याला तो आधी का नाही सांगितला? जो भांडतो त्यालाच स्वस्त आणि जो गप्प भरतो त्याला महाग, यात सगळ्यात जास्त भरडली जातात ती म्हातारी माणसं, ज्यांना ॲप उघडून प्लॅन बदलणं जमत नाही.

बरं, स्वस्त काय घ्यायचं ते ठरवायच्या आधी आपण वापरतो किती ते बघा. फोनच्या सेटिंगमधे मोबाईल डेटाचा आकडा असतो, अँड्रॉइडवर तो महिन्याप्रमाणे दिसतो, आयफोनवर मात्र स्वतः रीसेट केल्याशिवाय तो मागचा सगळा वापर मिळवतच जातो, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला रीसेट करून मग बघायचा. बहुतेक वेळ घरी नाहीतर ऑफिसमधे वायफायवर असणाऱ्या माणसाला अनलिमिटेड डेटाची गरज नसते, वहिनींनाही नव्हती.

आपला फोन चांगला चालतोय तर नुसतं सिम घ्या, मुदत नसलेलं, प्रीपेड किंवा महिन्याचं. बऱ्याच देशांत मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा विकणाऱ्या छोट्या कंपन्याही असतात, टॉवर तोच असतो आणि दर बहुतेक कमी असतो. कमी का, तर त्यांना टॉवर उभारायचे नसतात आणि दुकानंही फार नसतात. पण इथे नीट चौकशी करा, गर्दीच्या वेळी अशा ग्राहकांचा स्पीड आधी कमी केला जाऊ शकतो, काही ठिकाणी परदेशातलं रोमिंग किंवा वायफाय कॉलिंग मिळत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे फोनमधे दुसऱ्या सिमची किंवा ई-सिमची सोय असेल तर नवीन कंपनीचं छोटं रिचार्ज दुसऱ्या स्लॉटमधे टाकून थोडे दिवस वापरून बघायचं, घरातल्या आतल्या खोलीत, लिफ्टजवळ, कामाच्या ठिकाणी, जिथे जिथे आपल्याला रेंज लागते तिथे. पटलं तरच नंबर हलवा.

आणि नंबर हलवताना एक पक्कं लक्षात ठेवा, जुनं कनेक्शन आधी स्वतः बंद करायचं नाही! बंद केलं की नंबर हातचा जाऊ शकतो, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आधी पोर्टिंगचा कोड घ्यायचा, तो नवीन कंपनीला द्यायचा, नंबर तिकडे गेला की जुनं आपोआप बंद होतं. करार अजून चालू असेल तर मधेच सोडायचा दंड किती ते लेखी मागून घ्या, कधीकधी उरलेले दोन-तीन महिने भरून मग जाणंच परवडतं. फोन त्या कंपनीच्या सिमला लॉक असेल तर तो आधी अनलॉक करून घ्या, नाहीतर नवीन सिम चालणारच नाही.

हे सगळं ग्राहकानेच शोधून काढायचं का, तर नाही, नियम करता येतात आणि केलेले आहेत. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय सिंगापूरमधे १९९७ मधे आली, भारतात जानेवारी २०११ पासून देशभर आहे. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून फोन लॉक करून विकता येत नाही, ब्रिटनमधे डिसेंबर २०२१ पासून. ब्रिटनमधेच फेब्रुवारी २०२० पासून करार संपत आला की कंपनीला ग्राहकाला कळवावंच लागतं, आणि कंपनीकडचा चांगला दर कोणता तेही त्यात सांगावं लागतं. जानेवारी २०२५ पासून तिथे नवीन करारात मधे दर किती वाढणार ते रकमेतच लिहावं लागतं, महागाईच्या टक्क्यांशी जोडून मोघम ठेवता येत नाही. म्हणजे कंपन्यांना हे जमतं, सांगणारं कोणीतरी पाहिजे.

माझी मागणी त्याहून साधी आहे. प्रत्येक बिलाच्या पहिल्याच पानावर, एकूण रकमेच्या शेजारी, करार संपायची तारीख आणि हँडसेटचे उरलेले पैसे छापायला लावा. ते पैसे शून्य झाले की पुढच्या बिलात तेवढी रक्कम कमी झालीच पाहिजे, ग्राहकाने फोन केला असो वा नसो.

आणि तुम्हाला एक विनंती, एक नमुना बिल घेऊन त्यातली प्रत्येक ओळ कशाची ते समजावणारा लेख तुमच्या पेपरात मोठ्या अक्षरात छापा, कापून ठेवता येईल असा, कारण घरातल्या ज्येष्ठांपर्यंत हे अजून पेपरातूनच पोचतं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक