मान्सूनपूर्व छाटणी आणि सुतार पक्ष्यांच्या ढोली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार या आपल्याकडच्या सगळ्याच शहरांत मान्सूनपूर्व कामांची लगबग सुरू होते आणि नालेसफाईच्या जोडीने रस्त्याकडेच्या जुन्या झाडांवर करवत चालते. वळवाच्या वादळात फांद्या कोसळून तारा तुटतात, प्रसंगी माणसेही दगावतात. त्यामुळे या कामाची गरज मी नाकारत नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या वेळेबद्दल आणि सरसकट दिसेल ती वाळकी फांदी उतरवण्याबद्दल, कारण हेच दिवस सुतार पक्ष्यांच्या विणीचे असतात.

शहरात टिकून राहिलेल्या मोजक्या सुतार पक्ष्यांपैकी सोनपाठी सुतार हा प्रमुख. त्याची वीण साधारण फेब्रुवारी ते जुलै या काळात होते. हिरव्यागार कडुलिंबाच्या टणक लाकडात त्याला सहसा ढोली कोरता येत नाही. गाभा बुरशीने मऊ पडलेला, पण बाहेरचे लाकूड अजून धड असलेले, अशी वठलेली फांदी किंवा खोड त्याला हवे असते. आधी आडवे भोक, मग आत खाली उतरत गेलेली पोकळी, अशी ही ढोली असते. त्यात काडी नाही की पीस नाही. कोरताना तळाशी राहिलेल्या भुश्यावरच बहुधा तीन पांढरी चकचकीत अंडी घातली जातात. सुमारे ११ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढे साधारण २० दिवसांत ढोली सोडतात. म्हणजे एकदा अंडी घातली की जेमतेम महिनाभराचा प्रश्न असतो, पण नेमका तोच महिना आपण करवतीसाठी निवडतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतील एका जुन्या रेन ट्रीची वाळकी फांदी ठेकेदाराच्या माणसांनी उतरवली, तेव्हा ती खाली पडून ढोलीपाशीच फुटली आणि आत पिसे न फुटलेली दोन पिल्ले निघाली. ती फांदी ना तारांवर होती, ना रस्त्यावर. मोकळ्या भूखंडाच्या बाजूला होती. कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना दिवसाला अमुक झाडे उरकायची असतात आणि ढोली तपासायला कोणी सांगितलेलेच नसते. वास्तविक तपासणे अवघड नाही. बुंध्याशी पडलेला ताजा भुसा आणि बारीक ढलप्या पाहाव्यात, नंतर खोडावर दोन-तीनदा ठोकून वर नजर ठेवावी. पक्षी आत असेल तर बऱ्याचदा भोकातून डोके बाहेर काढतो. मराठा सुतार ही सुतार पक्ष्याची दुसरी जात मात्र तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक करते, त्यामुळे शिडीवर चढलेल्या माणसाला ते दिसत नाही. खाली उभ्या असलेल्यानेच ते शोधायला हवे.

सुतार पक्षी चांगले झाड पोखरून मारतो, हा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात हा पक्षी मुंग्या आणि सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या वेचून खातो. झाड आधीच किडलेले असते म्हणून तो तिथे येतो. शिवाय तो बहुधा दर हंगामात नवी ढोली कोरतो आणि जुन्या ढोलीत साळुंक्या, पोपट, पिंगळे, दयाळ यांचे बिऱ्हाड थाटले जाते. यांपैकी बहुतेकांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. एक सुतार जोडी उठली की पुढच्या वर्षी या भाडेकरूंचीही पंचाईत होते.

यावर उपाय म्हणून लाकडी घरटी टांगण्याचे कार्यक्रम हल्ली उत्साहाने होतात. चिमण्यांना आणि दयाळांना त्यांचा उपयोग होतो हे खरे, पण सुतार पक्ष्याला कोरण्याजोगे लाकूडच लागते. शिवाय खान्देशात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पातळ प्लायवूडची पेटी आणि जाड खोडातली ढोली यांतला फरक वेगळा सांगायला नको.

कायद्याचे पाठबळ नाही असेही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे येते. राज्याच्या १९७५च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली सुधारणा होऊन ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अटही आली. अट चांगली आहे. मात्र ६० वर्षांच्या लिंबाच्या बदल्यात लावलेल्या ६० रोपांपैकी एकातही पुढची कित्येक वर्षे ढोली होऊ शकत नाही. जळगावातील पिंप्राळा, महाबळ किंवा धुळ्यातील देवपूर या भागांत पूर्वीच्या शेतबांधांवरचे लिंब आणि बाभळी जाऊन घरे उभी राहिली. तिथे आज ढोली कोरणाऱ्या तांबटासारख्या छोट्या पक्ष्याला परसातल्या शेवग्याची वाळकी फांदी मिळाली तरी नशीब.

म्हणून महापालिका आणि नगरपालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांना माझी विनंती आहे की, नियमित छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकावी. त्या काळात लिंबासारखी झाडे पानांनी भरलेली असल्याने वठलेली फांदी खालूनच ओळखू येते. एप्रिल-मेमध्ये केवळ तारांना भिडलेल्या आणि वाहतुकीवर झुकलेल्या धोकादायक फांद्यांना हात लावावा. उद्यानांत, शाळांच्या आवारात, तसेच भुसावळच्या रेल्वे वसाहतीसारख्या जुन्या झाडीच्या भागांत, जिथे खाली वर्दळ नाही, तिथे वठलेले खोड बुंध्यापासून न तोडता सुरक्षित उंचीपर्यंत उभे ठेवावे. छाटणीच्या निविदेत ढोली तपासण्याची अट घालावी, आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या वृक्षगणनेच्या नमुन्यात झाडाची जात, घेर आणि उंची यांच्या शेजारी ‘ढोली आहे किंवा नाही’ असा एक रकाना वाढवावा. गणना करणारा माणूस तसाही त्या झाडाखाली उभा असतोच.

आपला,
एक वाचक, जळगाव