'वास्तव्यास नसल्याने': आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. आठ महिन्यांनी का होईना, उत्तर आलं, त्याबद्दल आभार. पत्रात लिहिलंय, 'संबंधित रहिवासी सदर केंद्रात वास्तव्यास नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' खरंय. आई आता त्या शुश्रूषा केंद्रात राहत नाही. पत्रावरच्या तारखेच्या अकरा दिवस आधी ती गेली.

तक्रार कुणी वाचली असेल असं वाटत नाही, म्हणून पुन्हा सांगते. आईनं चाळीस वर्षं शिवणकाम केलं. स्मृतिभ्रंशात माझं नाव गेलं, मग तिचं स्वतःचं गेलं, पण बोटं काही विसरली नाहीत. चादरीची कड चिमटीत धरायची, दुमडायची, अंगठ्यानं दाबायची, पुढे सरकायची. टीप घालण्याआधी कापड बसवतात ना, अगदी तसं. केंद्रात याला 'चाळे' म्हणत. पुढे अन्न देण्यासाठी नाकात नळी घातली. ती तिनं दोनदा उपसून काढली, तेव्हा बोटं नसलेले जाड हातमोजे चढवले आणि मनगटं खाटेच्या दांड्याला बांधली. जाब विचारला तर व्यवस्थापक म्हणाले, "ताई, त्यांना आता काय कळतंय?"

काय कळतंय, म्हणून दार सताड उघडं ठेवून डायपर बदलायचा. काय कळतंय, म्हणून तिच्याच उशाशी उभं राहून 'अजून किती दिवस काढतील' याचा हिशेब करायचा. थकून एकदा मीही तेच म्हणाले होते, साहेब. ते मला झोपू देत नाही.

नळी कशासाठी होती? शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीनं आयुष्य वाढतं याला पुरावा नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी सरळ सांगते, नळी नको, हातानं सावकाश भरवा. पण भरवायला माणशी चाळीस मिनिटं लागतात आणि त्या मजल्यावर चौदा जणांमागे एक मावशी. चौदा गुणिले चाळीस, म्हणजे एका वेळच्या जेवणाला नऊ तास वीस मिनिटं. नळी आईला हवी होती की तुमच्या मनुष्यबळाच्या तक्त्याला?

ती मावशी रात्री चोरून आईचा एक हात सोडायची आणि त्यात कापडाचा तुकडा द्यायची. पकडली गेली, तर बोलणी तिलाच बसली.

आई रात्री ओरडते म्हणून मनोविकारावरच्या गोळ्या सुरू केल्या. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली दिलाय. आमच्याकडे कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. ती का ओरडत होती ते मी तिला कुशीवर वळवलं तेव्हा दिसलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम. ज्याला बोलता येत नाही त्याचंही दुखणं मोजता येतं. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाचा ताठरपणा, जवळ घेतल्यावर शांत होतो की नाही, एवढं पाहून गुण द्यायचे. २००३ पासून ही पद्धत आहे. कागदाचं एक पान लागतं, टेंडर काढावं लागत नाही. कदाचित म्हणूनच अडलं असेल!

गेल्या वर्षी सभागृहात तुम्ही शब्द दिलात की अचानक तपासण्या होतील, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळेल. तपासणी झाली की. आदल्या दिवशी आम्हाला फोन आला, पेशंटचे बरे कपडे आणून द्या. त्या दिवशी बांधायच्या पट्ट्या गादीखाली होत्या. तुमचे अधिकारी खाटेपाशी थांबले, रजिस्टरवर सही करून गेले. गादी कोण उचलणार?

आणि हे माझ्या एकटीचं रडगाणं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता, दरवर्षी जवळपास एक कोटींची भर. म्हणजे दर तीन-साडेतीन सेकंदाला एक. तुमचं एक तासाचं भाषण संपेपर्यंत हजार. सगळ्या देशांनी मिळून २०१७ मध्ये कृती आराखडा मंजूर केला, टाळ्या झाल्या, आणि चार वर्षांनी राष्ट्रीय धोरण होतं जेमतेम पाव देशांकडे. मत देता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, तक्रारीवर सही करता येत नाही, अशा माणसासाठी फाईल हलणार तरी कशाला? पूल बांधला तर फीत कापता येते. नीट आलेल्या मरणाचं उद्घाटन कसं करणार?

मागणं फार नाही. हात बांधायचे तर कोणी, का आणि किती वेळ, ते लिहून घरच्यांची सही घ्या. नळी आणि गोळ्यांआधी आम्हाला बसवून बोला. शेवटच्या दिवसांत वेदना शमवणारा डॉक्टर केंद्रात येऊ द्या. आणि माझ्या तक्रारीवरचा तो शेरा खोडून 'मृत्यू झाल्याने' असं लिहा.

त्या मजल्यावरचे बाकीचे तेरा जण अजून वास्तव्यास आहेत.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

तक्रारदार,
रहिवाशाची मुलगी