बोटभर माया

ताई, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. नागपूरच्या महाल भागात लेडीज टेलर काय कमी आहेत, कोणी ओळखत नाही.

परवा तुम्ही माझ्या लेकीच्या निळ्या कुर्त्याची बगलेतली शिवण ब्लेडनं उसवत होता, तेव्हा मी फोन आल्याचं सांगून बाहेर पायरीवर गेले. फोन आला नव्हता. रडू आलं होतं, आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं आम्ही घरात ठरवलंय.

हाच कुर्ता घेऊन मागच्या वर्षी मे महिन्यात आलो होतो, तिसऱ्यांदा आत घ्यायला. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास, आणि ही म्हणाली, "मावशी, कूलर बंद करता का? थंडी वाजते." मी हसले. काय एकेक नखरे, असंही म्हणाले बहुतेक. तुम्ही हसला नाहीत. टेप तिच्या दंडाभोवती धरून जरा थांबलात, दंडावरची नवी लव बघितलीत आणि तिला निळ्या दोऱ्याचं रीळ आणायला कोपऱ्यावर पिटाळलंत. निळी रिळं तुमच्या मागच्या फळीवर चार होती. मला दिसत होती.

ती गेल्यावर तुम्ही मापाची वही काढली. दिवाळी, संक्रांत, मे. तीन पानांवरून नुसतं बोट फिरवलंत. ते आकडे इथे लिहीत नाही. आमच्या समुपदेशक बाई म्हणतात, असे आकडे वाचून एखाद्या पोरीला ईर्षा चढते. मग तुम्ही म्हणालात, "ताई, पोट्टी बारीक नाही होऊन राहिली. सरून राहिली."

त्याआधी आठ महिने सगळ्यांना ती दिसत होतीच की. नातलगांनी कौतुक केलं, "काय करतेस गं, आम्हालाही सांग!" आजीला तर अभिमान. संकष्टी, सोमवार, गुरुवार, एकादशी, एवढे उपास नात करते! उपासाला आपल्याकडे कोण प्रश्न विचारतो? पाळी थांबली तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. या आजारात ते बऱ्याचदा नॉर्मलच येतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी टॉनिक लिहिलं, "आजकालच्या मुली, झिरो फिगर" म्हणून हसले आणि पुढच्या पेशंटची बेल दाबली. तिच्या मनगटाला हातसुद्धा लावला नाही. तुमच्या सांगण्यावरून दुसरीकडे नेलं, तिथे नाडी इतकी मंद निघाली की त्याच संध्याकाळी भरती करावं लागलं. आणि मी तरी काय केलं होतं? लहान मापाचे नवे ड्रेस आणले होते. कौतुकाच्या रांगेत पहिली मीच.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, मोबाइलनं आणलेलं नवं खूळ. तर हे नाव विल्यम गल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1873 मध्ये दिलेलं! शरीर उपाशी राहिलं की हृदय सावकाश चालतं, पाळी थांबते, थंडी सोसत नाही, अंगावर बारीक लव येते. तुम्ही टेप धरून थांबलात ते नेमकं इथेच. आम्हाला वाटलं, आता पोटभर खाऊ घातलं की झालं. तेही नाही. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकतं, म्हणून घाससुद्धा बेतानं वाढवायचे. आणि सगळ्याच मुली अशा वाळत नाहीत. बुलिमिया नावाच्या आजारात भडाभडा खाऊन ओकून टाकतात, अंगावरून बऱ्याचदा काही कळत नाही. मुलांनाही होतं. असो, तुम्हाला हे सगळं पायरीवर बसून सांगून झालंय.

लिहायचं होतं ते वेगळंच. त्या दिवशी ती रीळ घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, आतलं जास्तीचं कापड कापून टाका. टोचतं." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "कापत नसते मी. माया सोडावी लागते." कात्री बाजूला सारलीत आणि टोचू नये म्हणून ते कापड दुमडून हातानं तुरपलंत. घरी कुर्ता उलटा करून बघितला, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड, मुंगीच्या पावलाएवढे टाके. माझी लेक परत भरणार, हे तुम्ही धरूनच चालला होता. मी तेव्हा धरलं नव्हतं.

दवाखान्यात एकदा वरण-भाताचं ताट तासभर समोर होतं. भात गार झाला. मध्येच म्हणाली, "आई, मावशीनं ते कापड आत ठेवलंय ना?" मी हो म्हटलं. घास त्या दिवशी घेतलाच नाही. पण विचारलं.

शहाणी माणसं खूप भेटली, ताई. पोरीला आधी बाहेर पाठवून मग आईशी बोलणारं कोणी भेटलं नव्हतं.

तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर आता 14416 लिहिलेला दिसला, टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठी सरकारचा फुकट नंबर, मराठीतही बोलतात. तीन बायकांना दिला म्हणालात. आणखी द्या. दर दिवाळीला पोरींची मापं तुमच्याइतकी कोण घेतं?

शिलाईचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून भांडायला शनिवारी येते. सांभारवडी आणीन. कोथिंबीर लेक निवडून देणार आहे. खाईल की नाही, ते तेव्हाचं तेव्हा. कुर्ता मोकळा झाला तरी आत अजून बोटभर माया आहे म्हणालात. असू द्या.

तुमची,
निळ्या कुर्त्याची आई